गुडघ्याला मशीनचा शेक: आधी काय सांगायचं, नंतर काय मागायचं

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

माझ्या सासूबाईंचं वय 67. शुगर 14 वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या गुडघ्याची वाटी 3 वर्षांपूर्वी बदलली, तो पाय आता छान आहे. आता डावा गुडघा धरतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पण एवढ्यात ऑपरेशन नको, फिजिओथेरपी घ्या. आमच्या इथल्या सेंटरमध्ये 10 सिटिंगचं पॅकेज घेतलंय, 4 झाल्या. आधी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पॅड लावून 15 मिनिटं मशीनचा शेक देतात, मग जेल लावून 5 मिनिटं अल्ट्रासाऊंड फिरवतात आणि घरी पाठवतात. व्यायाम काही सांगितलेला नाही. आईंना दोन-तीन तास हलकं वाटतं, रात्री पुन्हा तेच. परवा पॅड काढल्यावर एका जागी लाल चट्टा दिसला, तो संध्याकाळपर्यंत राहिला. ऑपरेशनचं आणि शुगरचं त्यांनी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. आता शेजारच्या काकू म्हणतात, अंगात धातू असेल तर हा शेक चालत नाही. आणि मिस्टर म्हणतात, रोज ने-आण करण्यापेक्षा अल्ट्रासाऊंडचं मशीन ऑनलाइन मागवून घरीच देऊ. या मशीनचा खरंच फायदा होतो का? आणि सोनोग्राफीसारखं हेही रेडिएशनच ना?

— एक वाचक, फलटण

उत्तर

ताई, पुढचं सगळं सावकाश वाचा, पण आधी सेंटरला फोन करून दोन गोष्टी सांगा: उजव्या गुडघ्यात इम्प्लांट, म्हणजे धातूचा कृत्रिम सांधा आहे आणि 14 वर्षांची शुगर आहे. ते ऐकून फिजिओथेरपिस्ट स्वतः आईंना तपासत नाहीत तोवर पॅडचा शेक बंद ठेवायला सांगा. तुमच्या काकू या मशीनबद्दल बोलल्या ते बरोबर आहे. हे विचारण्याची जबाबदारी सेंटरची होती. तुम्ही आपणहून सांगितलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पॅड लावून देतात त्या शेकाला शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणतात. साध्या शेकात आणि यात मोठा फरक आहे. गरम पाण्याची पिशवी कातडी तापवते आणि तिची ऊब आत फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उतरते. डायथर्मीच्या मशीनमधून 27.12 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी निघतात. म्हणजे दोन पॅडमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला 2 कोटी 71 लाख वेळा मागेपुढे होतं. त्याने शरीरातल्या पाण्याची आणि क्षारांची सारखी हालचाल होते आणि उष्णता आतल्या आत तयार होते. खोलवरच्या स्नायूपर्यंत पोचणारा शेक म्हणून याचं महत्त्व आहे, आणि सांभाळायचं तेही याचमुळे. त्या क्षेत्रात धातू आला तर ऊर्जा त्याच्याभोवती एकवटते आणि लगतचा भाग गरजेपेक्षा जास्त तापू शकतो. कातडीला चटका बसला तर माणूस लगेच पाय ओढून घेतो. आत खोलवर जास्त तापलं तर ते वेळेत कळेलच याची खात्री नसते.

शेक डाव्या गुडघ्याला आहे, मग उजव्याचं काय, असं तुम्ही विचाराल. कॉटवर पाय लांब करून झोपलं की दोन गुडघ्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर राहतं. पॅडच्या केबल कशा पडल्यात त्यावर क्षेत्र कुठवर पसरतंय ते ठरतं. इतक्या जवळ धातूचा सांधा असताना मी डायथर्मी देत नाही, आणि आईंना देऊ नये असंच माझं मत आहे. तो फायदा मिळवायला याहून सुरक्षित रस्ते आहेत.

झालेल्या 4 सिटिंगची मात्र धास्ती घेऊ नका. उजवा पाय दुखत नाही, सुजलेला नाही, चालणं नीट आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथे काही बिघडलं असेल असं वाटत नाही.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ती जिवावर बेतणारी आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल, किंवा मेंदूत, मणक्यात, कानात तारा असलेलं कुठलंही यंत्र बसवलेलं असेल, तर डायथर्मी शरीराच्या कुठल्याच भागाला घ्यायची नाही. यंत्र बंद करून ठेवलेलं असलं तरी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2002 मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या दोन रुग्णांना डायथर्मीनंतर मेंदूची गंभीर इजा झाली आणि ते दगावले. अंगातली तार अँटेनासारखी लहरी पकडते आणि तिच्या टोकाशी असलेला भाग तापतो. पेसमेकरवाल्या माणसाने तर चालू मशीनच्या जवळपास बसूही नये, सोबत म्हणून आलेला असला तरी. गर्भवती स्त्रीनेही नाही.

आता त्या लाल चट्ट्याबद्दल. शेकानंतर कातडी सगळीकडे सारखी फिकट गुलाबी होणं आणि थोड्या वेळात पूर्ववत होणं, हे ठीक. एकाच जागी गडद डाग उमटणं आणि तो संध्याकाळपर्यंत राहणं ठीक नाही. तिथे शेक जास्त झाला. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पॅडखाली घाम साठतो किंवा टॉवेल दमट असतो, आणि त्या ओल्या जागी उष्णता एकवटते. म्हणून नीट दिलेल्या डायथर्मीची तयारी बघण्यासारखी असते. कॉट लाकडी असते. पाय उघडा करून, पुसून, कोरडा केलेला असतो. पॅड आणि कातडी यांच्यात कोरड्या टॉवेलच्या घड्या असतात. पैंजण, जोडवी, साडीची सेफ्टी पिन, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, कानातलं ऐकण्याचं यंत्र, सगळं काढून लांब ठेवतात. मग पेशंटला सांगतात, ‘तुम्हाला सुखाची ऊब वाटली पाहिजे, चटका नाही, जास्त वाटलं की लगेच हाक मारा.’ आणि मध्ये येऊन विचारतात. डायथर्मीचा डोस मुख्यतः पेशंटच्या सांगण्यावरच ठरतो, कारण आत नेमकं किती तापलंय ते दाखवणारा काटा मशीनवर नसतो.

शुगरचा प्रश्न नेमका इथे येतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी ती बधिरता वर सरकते. सगळ्यांचीच गुडघ्यापर्यंत पोचते असं नाही, पण 14 वर्षांनंतर ती कुठवर आली आहे हे तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. ज्याला गरम-गार नीट कळत नाही त्याला ‘जास्त वाटलं तर सांगा’ म्हणण्याला अर्थच उरत नाही.

ही तपासणी अवघ्या काही मिनिटांची आहे. दोन टेस्ट ट्यूब घेतात, एकीत सोसवेल इतकं गरम पाणी, दुसरीत गार. पेशंटला डोळे मिटायला सांगतात आणि ज्या जागी शेक द्यायचा तिथे कधी ही, कधी ती टेकवतात. गरम की गार? मध्येच एकच ट्यूब लागोपाठ दोनदा लावतात, म्हणजे अंदाजाने दिलेलं उत्तर पकडता येतं. उत्तरं चुकायला लागली, किंवा ‘काहीतरी लागलं, पण काय ते कळेना’ असं पेशंट म्हणाला, तर त्या भागाला शेक द्यायचा नाही, मग तो मशीनचा असो की पिशवीचा. तुमच्या सेंटरने हे केलं नसेल तर पुढच्या वेळी आवर्जून करून घ्या. मधुमेहाच्या डॉक्टरांकडून तळपायांच्या संवेदनाही तपासून घ्या. ती तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

म्हणूनच मला घरगुती शेकाची काळजी वाटते. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट, शेगडीपुढे धरलेले पाय. आजीच्या काळापासून चालत आलेले हे शेक धडधाकट माणसाला आराम देतात. पण बधिर तळपाय असलेल्या मधुमेही माणसाला पाय भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड बघून कळतं, आणि ती जखम भरता भरत नाही. आईंच्या तळपायांना कुठलाच शेक देऊ नका. पाय गार पडले तर सुती मोजे घाला.

आता अल्ट्रासाऊंड. हे वेगळं यंत्र आहे. आधी तुमच्या शंकेचं सांगते. एक्स-रेमध्ये असतं तसलं रेडिएशन यात नाही आणि सोनोग्राफीतही नाही. दोन्ही म्हणजे कानाला ऐकू न येणारे आवाजाचे कंप. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलट अशा स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो, आणि मशीनच्या हेडमध्ये, म्हणजे कातडीवर फिरवतात त्या भागात, तेच घडतं. सोनोग्राफीत परतलेल्या प्रतिध्वनीतून चित्र बनवायचं असतं, त्यामुळे ऊर्जा अगदी कमी लागते. उपचाराच्या मशीनमध्ये ती जास्त असते, कारण इथे पेशी तापवायच्या असतात. या मशीनवर साधारण 1 किंवा 3 मेगाहर्ट्झ अशी निवड असते. 1 मेगाहर्ट्झचे कंप 3 ते 5 सेंटिमीटर आत जातात, 3 मेगाहर्ट्झचे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्येच शोषले जातात. जेल लागतं ते हेड आणि कातडी यांच्यात हवा राहू नये म्हणून, कारण हवेचा पातळ थर आला तरी जवळपास सगळे कंप परत फिरतात.

आईंच्या डाव्या गुडघ्याला अल्ट्रासाऊंड देण्यात उजव्या गुडघ्यातल्या धातूची अडचण नाही. याचा झोत अरुंद असतो, हेड जिथे टेकेल तिथेच जातो. मात्र ते उजव्या, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर फिरवू देऊ नका. कृत्रिम सांध्यात धातूबरोबर प्लॅस्टिकचा भाग असतो आणि तो बसवायला बहुधा हाडाचं सिमेंट वापरलेलं असतं. त्यावर हे कंप नकोत. हेड एका जागी धरून ठेवणं हाही चुकीचा प्रकार आहे. ते सतत सावकाश गोल फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर हाडाच्या आवरणात आतून टोचल्यासारखी कळ येते. तशी कळ आली तर आईंनी सहन करत बसू नये.

सुरक्षितता झाली. फायद्याचं काय? इथे थोडं गणित करू. त्या हेडचं काम करणारं क्षेत्र साधारण 5 चौरस सेंटिमीटर असतं आणि एका वेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट जागेवरच ते फिरवायचं असतं. म्हणजे 10 ते 15 चौरस सेंटिमीटर. आईंच्या गुडघ्यावर तुमचा तळहात ठेवून बघा. तळहाताच्या पाव भागापेक्षाही ही जागा लहान आहे. अमेरिकेत डेव्हिड ड्रेपर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये पोटरीच्या स्नायूत तापमान मोजणाऱ्या सुया घालून बघितलं, तेव्हा 1 मेगाहर्ट्झला, दर चौरस सेंटिमीटरला 1 वॅट या मात्रेवर, तापमान मिनिटाला सुमारे 0.2 अंश सेल्सिअस वाढत होतं. 5 मिनिटांत 1 अंश, आणि तेही छोट्याशा जागेत. आखडलेले तंतू सैल पडून ताणले जावेत यासाठी साधारण 4 अंशांची वाढ हवी असं मानलं जातं. मग 5 मिनिटांत हेड अख्ख्या गुडघ्याभोवती फिरवलं तर काय हाती लागणार? त्यातून झीज झालेली असते ती दोन हाडांच्या मध्ये, आणि हाड ओलांडून हे कंप तिथे पोचत नाहीत. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, कुठल्याच शेकाने भरून येत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अभ्यास काय सांगतात तेही ऐका. अल्ट्रासाऊंडची परीक्षा घेणं सोपं आहे, कारण मशीन चालू आहे की नुसतंच फिरवलं जातंय हे पेशंटला बहुधा कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हाल्मा रॉबर्टसन आणि केरी बेकर यांनी 2001 मध्ये अशा 35 चाचण्या तपासल्या. त्यातल्या 10 चाचण्यांची पद्धत त्यांना भरवशाची वाटली, आणि या 10 पैकी 8 मध्ये चालू मशीन बंद मशीनपेक्षा सरस ठरलं नाही. उरलेल्या दोनपैकी एक मनगटातली नस दबण्याच्या त्रासाची होती, दुसरी खांद्याच्या स्नायूबंधात कॅल्शियम साठण्याची. ही दुसरी व्हिएन्नातली, 1999 सालची. 24 सिटिंगनंतर 19 टक्के खांद्यांतला कॅल्शियमचा साठा पूर्ण विरघळला होता, बंद मशीनच्या गटात एकाचाही नाही. पण 9 महिन्यांनी बघितलं तर दुखणं आणि हालचाल यांत दोन गटांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक उरला नव्हता. गुडघ्याच्या झिजेबाबत काही लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसला, पण ते अभ्यास भक्कम नव्हते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांध्यांच्या झिजेसाठी अल्ट्रासाऊंड आणि करंटचे उपचार देऊ नका असं सांगितलं, आणि व्यायाम मात्र प्रत्येकाला द्या असं सांगितलं.

माझ्या अनुभवाशी हे जुळतं. खोल शेक मी पूर्ण टाकून दिलेला नाही. ताठ झालेला खांदा ताणण्याआधी तो ऊबदार करून घेतला की पेशंट कमी दुखण्यात जास्त हालचाल करू देतो. पण शेक संपल्यावर ती ऊब झपाट्याने उतरते, त्यामुळे ताणायचं काम लगेच, त्याच कॉटवर करावं लागतं. शेक देऊन मशीन बंद केलं आणि पेशंटला घरी पाठवलं, तर जे मिळवलं ते तिथेच सोडून दिल्यासारखं होतं.

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त थांबले: ‘दोन-तीन तास हलकं वाटतं.’ शेकाने मिळतं ते एवढंच, आणि ते कमी नाही. त्या हलक्या वेळात आई व्यायाम करत असत्या तर आतापर्यंत मांडीत थोडी ताकद यायला लागली असती. गुडघ्याचा भार मांडीचा पुढचा स्नायू पेलतो. दुखतं म्हणून माणूस पाय कमी वापरतो, न वापरल्याने स्नायू बारीक होतो, आणि स्नायू बारीक झाला की गुडघा आणखी दुखतो. हे चक्र मशीनने तुटत नाही.

मग घरी काय करायचं? आधी साधा शेक. वर सांगितलेली तपासणी झाली आणि गुडघ्याला गरम-गार नीट कळतंय हे नक्की झालं, तर गरम पाण्याची किंवा विजेवर तापणारी पिशवी चालेल. ती किती गरम आहे हे आईंनी नाही, तुम्ही तपासायचं, आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून. मध्ये कोरडा टॉवेल, वेळ 10 ते 15 मिनिटं, आणि 5 मिनिटांनी पिशवी उचलून कातडी बघायची. पिशवी घेऊन झोपायचं नाही. बाम किंवा दुखण्याचं मलम चोळलेल्या जागी शेक द्यायचा नाही. बामने गरम वाटतं ते कातडीलाच, आत काही तापत नाही, आणि वरून शेक दिला तर भाजू शकतं. गुडघा सुजून आधीच गरम लागत असेल त्या दिवशी शेक नको.

शेक झाला की लगेच व्यायाम. पहिला बसून: पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघा तिच्यावर दाबायचा, मांडी घट्ट होते ती हाताने चाचपून बघायची, 5 आकडे म्हणेपर्यंत धरायचं, सोडायचं. 10 वेळा. श्वास रोखायचा नाही.

दुसरा व्यायाम मला सगळ्यात मोलाचा वाटतो: खुर्चीतून उठणं आणि बसणं. हातांची खुर्ची घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. खुर्ची खोल वाटली तर वर सतरंजीची घडी घालून उंच करा. आईंनी पुढच्या कडेवर यायचं, दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं. सुरुवातीला हातांचा आधार घेऊ दे. खरी मेहनत बसताना आहे: धपकन बसायचं नाही, चार आकडे म्हणत म्हणत टेकायचं. त्या वेळी समोर उभं राहून बघा. आई सगळं वजन उजव्या पायावर टाकत असतील, कारण तो आता भरवशाचा आहे. हळूच सांगा, डावीकडेही या. सुरुवातीला 5 वेळा जमलं तरी चालेल, मग 10, मग मध्ये विसावा घेऊन पुन्हा 10. आठवडाभराने सतरंजीची एक घडी कमी करा.

थोडं दुखेल. व्यायामाने दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पदावर आलं तर व्यायाम बरोबर चाललाय. सकाळीही वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल तर आकडा निम्मा करा, पण बंद करू नका. फरक जाणवायला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि तोवर आईंना धीर द्यायचं काम तुमचंच आहे. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा उपाशीपोटी व्यायाम नको, आणि जवळ साखर असू द्या.

चालताना काठी घेतली तर ती उजव्या हातात धरायची. दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला काठी असली की भार खरोखर कमी होतो. वजन जास्त असेल तर तेही बघा. वजन 1 किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो, आणि शुगरलाही मदत होते.

घरच्या मशीनचं: मागवू नका. घरगुती म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मशीनची ताकद इतकी कमी असते की जेलच्या गारव्यापलीकडे फार काही हाती लागत नाही. आणि खरोखर ताकदीचं मशीन आलं तर ते शिकलेल्या हातात हवं. मिस्टरांची काळजी खरी आहे, रोजची ने-आण थकवते. पण व्यायाम शिकून झाले की रोज सेंटरला जायची गरजच राहत नाही. आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा दाखवून यायचं. ते पैसे उंच खुर्ची, घरात नसेल तर कमोड आणि आईंच्या पायाला नीट बसणारे बूट यांवर खर्च करा.

काही गोष्टी घडल्या तर मात्र फिजिओथेरपीची वाट बघू नका. ऑपरेशन झालेला उजवा गुडघा अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनना गाठा. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तर तिला चोळू नका, शेकू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

सेंटरबद्दल शेवटचं. आईंना तिथे मशीन कोण लावतं ते विचारा. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिपसह काही वर्षांची असते, आणि महाराष्ट्रात व्यवसाय करायला राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. ते विचारणं हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. उरलेल्या 6 सिटिंगचे पैसे बहुधा भरलेले असतील. जाऊन सरळ सांगा, ‘मॅडम, आईंचं ऑपरेशन झालंय आणि शुगर आहे, म्हणून पॅडचा शेक नको. या 6 वेळा तुम्ही स्वतः आईंना तपासा आणि व्यायाम शिकवा. मी शेजारी उभी राहून बघते, म्हणजे घरी करून घेता येतील.’ चांगली फिजिओथेरपिस्ट हे ऐकून खूश होईल. त्यांनी तरीही पॅडच पुढे केले, तर उरलेले पैसे परत मागा आणि जवळच्या एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत आईंना दाखवा. जाताना एक्स-रे, गोळ्यांची चिठ्ठी आणि उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा.